शह म्हणायचं की चेक

गेल्या रविवारी दुपारी आमच्या सोप्यात भांडण जुंपलं. एका बाजूला अण्णा, वय 79. दुसऱ्या बाजूला माझी भाची सई, वय 9. मधे बुद्धिबळाचा पट. पट म्हणजे सईच्या क्लासमधून मिळालेली हिरव्या-पांढऱ्या घरांची, गुंडाळून ठेवायची मेणकापडासारखी चटई. अण्णांचा लाकडी पट माळ्यावर आहे, पण त्यातलं एक प्यादं कुठल्याशा दिवाळीत हरवलं आणि त्याच्या जागी खडूचा तुकडा उभा करून खेळणं सईला मंजूर नाही.

पहिली ठिणगी अण्णांच्या राजाने टाकली. तो जागेवरून उठला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडाला. सईने डोळे विस्फारले. “आजोबा, तुम्ही राजा हलवलाय!” अण्णा शांत. “हो. अजून शह बसलेला नाही. शह बसायच्या आत राजाला डावात एकदा घोडाउडी मारता येते.” हा आपल्याकडचा जुना नियम आहे, पण सईच्या क्लासला त्याचं काय? तिथे राजा एक घर चालतो, फार तर किल्लेकोट करतो. ती रुसली, मनली, पुढे खेळली. मग अण्णांनी उंट सरकवला आणि म्हणाले, “शह.”

“चेक म्हणायचं, आजोबा.”

“शहच म्हणायचं.”

“आमचे सर चेक म्हणतात.”

“तुझ्या सरांना म्हणावं, मी भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीतला आहे.”

सांगलीत बुद्धिबळ रुजवणारे हे भाऊसाहेब कोण ते सईला ठाऊक नाही. तिच्या भिंतीवर नागपूरच्या दिव्या देशमुखचा फोटो आहे, 2025 साली बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हाचा. निवाडा माझ्याकडे आला. “आत्या, तू सांग.” मी भाजी निवडत होते. म्हटलं, दोन्ही एकच. दोघांनाही हे पळवाटेचं उत्तर वाटलं.

पण मी अगदी शब्दशः खरं बोलत होते. शह आणि चेक हा एकच शब्द आहे. एक आपल्याकडे फारसीतून आला, दख्खनच्या सुलतानांच्या काळात, घोड्यावर बसून. दुसरा इराणहून निघाला तो अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड अशी भली थोरली वारी करून, समुद्रमार्गे, कोट-टोपी घालून आला. एकाच घरात दोन दारांनी शिरलेले हे भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत.

माझं म्हणाल तर मी बँकेत आहे. त्यातली 16 वर्षं क्लिअरिंगला. ‘चेक’ हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो, आणि कितव्यांदा कुठला चेक ते आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. “तो चेक चेक केलास का?” हे वाक्य आमच्या टेबलावर रोज बोललं जातं आणि कुणालाही हसू येत नाही. अण्णांचा शर्ट चेक्सचा, घरी जाताना बीपी चेक करायचं, एसटीत चेकर चढला की झोपलेले प्रवासी खिसे चाचपतात, मुंबईला भावाकडे जायचं तर मुलुंड चेकनाक्याला उतरायचं. 2017 साली जकात गेली. नाक्यावर थांबवून तपासायचं काही उरलं नाही. नाव मात्र तसंच उभं आहे.

ही सगळी मंडळी एका माणसाच्या तोंडून निघालेल्या एका हाकेची आहेत. इराणात चतरंग खेळताना समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की खेळाडू म्हणायचा, “शाह!” म्हणजे राजा. बस, एवढंच. त्यात थांब नाही, तपास नाही, पैसे नाहीत. तुझा राजा बघ, अशी ती सूचना. अरबांनी तो शब्द तसाच उचलला, मध्ययुगीन लॅटिनने त्याचं ‘स्काकुस’ केलं, जुन्या फ्रेंचने ‘एशेक’, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळून ‘चेक’. फ्रेंचमधल्या त्याच्या अनेकवचनातून इंग्रजीला ‘चेस’ मिळाला. म्हणजे इंग्रजीत बुद्धिबळाचं नावच मुळी ‘राजे’. रशियन लोक तर खेळाला ‘शाखमाती’ म्हणतात, अख्खा शहमात. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चा आजचा अर्थ अपयश. राजाच्या नावाची ही अवस्था पाहून वाईट वाटतं, पण पटावर ज्याच्या नावाने सारखी हाक पडते त्याचं चांगलं चाललेलं नसतंच.

खेळ आपला. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याची शांतता सांगताना यावर कोटी केली आहे: चतुरंगाची मांडणी तिथे फक्त अष्टापदावर, म्हणजे चौसष्ट घरांच्या पटावर, दिसायची. इराणात त्याचा ‘चतरंग’ झाला. अरबीत ना ‘च’ ना ‘ग’, त्यांनी ‘शतरंज’ केला. तोच शतरंज पुन्हा आपल्याकडे येऊन बसला आणि आपल्याला परका वाटू लागला. माहेरवाशीण सासरचा हेल घेऊन आली की आई तिला क्षणभर ओळखत नाही, तसं.

मग नुसत्या हाकेत ‘रोखणे’ कुठून शिरलं? हे पटावर बसलं की कळतं, शब्दकोशात तितकं कळत नाही. तुमचा डाव अगदी रंगात आलेला असतो. पुढच्या खेळीत समोरच्याचा वजीर मारायचा, त्याच्या पुढच्या खेळीत मात. बोटं वळवळत असतात. आणि समोरचा म्हणतो, शह. झालं. तुमचे सगळे बेत तिथल्या तिथे थिजतात, कारण आता दुसरं काही करताच येत नाही, आधी राजा सांभाळायचा. या थिजण्याला इंग्रजांनी चौदाव्या शतकात ‘चेक’ म्हणायला सुरुवात केली. रोखणं, लगाम घालणं. तिथून माणसाला आवर घालणं. तिथून हिशेबाला आवर घालणं, म्हणजे ताडून पाहणं; हा अर्थ सतराव्या शतकातला. आपण ‘जरा चेक करून सांगतो’ म्हणतो तो याचा खापरपणतू. (मराठीत ‘चेक करून सांगतो’चा अर्थ ‘सांगणार नाही’ असाही होतो, पण ते श्रेय इराणला देता येणार नाही.)

मराठीने शहाचं वेगळं काहीतरी केलं. ‘शह’ला ‘काट’ जोडून ‘काटशह’ केला आणि दोन्ही राजकारणाला देऊन टाकले. निवडणुका लागल्या की पेपरात शह-काटशहाशिवाय मथळा होत नाही. ‘मात’ही तशीच. आपण संकटावर मात करतो, आजारावर मात करतो. मूळ ‘शाह मात’ म्हणजे काय यावर दोन मतं आहेत. अरबी ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’ असा एक अर्थ लावतात. दुसरं मत फारसी क्रियापदाकडे बोट दाखवतं: राजा राहून गेला, अडकला, निरुपाय झाला. मला दुसरं पटतं, कारण बुद्धिबळात राजा मरत नाहीच. हत्ती-घोडे पटाबाहेर पडतात, प्यादी तर किती पडतात मोजायला नको. राजाला मारायच्या एक खेळी आधी डाव संपतो. तो उभाच असतो, फक्त त्याला जायला जागा नसते.

आणि ‘शाह’ तरी कुठला परका? इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने, ज्याला आपण शाळेत दारियस म्हणून शिकलो, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात आपली बिरुदं कोरून घेतली. त्यात आहे ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, राजांचा राजा. झिजून झिजून त्याचाच शहेनशहा झाला. तो ‘आनाम्’ ऐका, ‘देवानाम्’मधला. आणि ‘ख्शायथिय’चं मूळ तेच, जे आपल्या ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ यांचं. ‘क्षत्रप’ही त्याच कुळातला, जुन्या इराणी पदवीवरून आलेला. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. आणि जवळच्या जोगलटेंभीला 1906 साली नहपानाच्या चांदीच्या 13,000हून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला होता. शहाला काटशह म्हणावा तर असा. म्हणजे शब्दाच्या घरी दोन नव्हे, तीन दारं निघाली. पण हे मी सईला सांगितलं नाही, तिचा घोडा अडचणीत होता.

आता पैशाकडे. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच, आणि तो एका टेबलक्लॉथचा आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेब वर्षातून दोनदा व्हायचे, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमसला. परगण्यांचे शेरीफ वसुली घेऊन यायचे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170च्या दशकात या कारभाराची सगळी रीत गुरुशिष्यसंवाद करून लॅटिनमध्ये लिहून ठेवली आहे. टेबल सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद. वरचं काही घरंगळून पडू नये म्हणून कडेला चार बोटं उंच काठ. त्यावर काळं कापड, कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने ओढलेल्या रेघा. उजवीकडून पेनी, मग शिलिंग, पौंड, विसाचे, शंभराचे, हजाराचे रकाने. त्यात गोल टिकल्या मांडायच्या आणि सरकवायच्या. रोमन आकड्यांत कागदावर बेरीज-वजाबाकी करून दाखवा म्हणजे हे टेबल का लागायचं ते कळेल. कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून त्याला ‘स्काकारियम’ म्हणायचे, फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’, इंग्रजीत ‘एक्सचेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदात तो शब्द आजही आहे. पदवीचा अर्थ लावायचा तर पटाचा कारभारी. फिट्झनीलने आणखी एक मजा सांगितली आहे. पटावर दोन राजांची लढाई असते, तशी या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांची. ऑडिटर आल्यावर आमच्या मॅनेजरचा चेहरा पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं पटवावं लागणार नाही.

इथे मला नेहमी एक गंमत वाटते. चतुरंग आणि शून्यासकटचे अंक, दोन्ही भारतातून अरबांच्या हाती पडून युरोपात गेले. खेळ लवकर पोचला. आकडे मागे राहिले. इंग्लंडच्या खजिन्यात ते रुळायला पुढे कैक पिढ्या गेल्या. शून्य आधी पोचलं असतं तर त्या रेघांच्या कापडाची गरज पडली नसती, खजिन्याला पटाचं नाव मिळालं नसतं. करमणूक हिशेबापेक्षा जोरात पळते हे तेव्हापासूनचंच दिसतं.

टेबलावर हिशेब झाला की पावती मिळायची ती लाकडाची. हेझलच्या झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याची, विसाला करंगळीची, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, एक घाव दोन तुकडे, खाचा दोन्हीकडे याव्यात अशी. एक तुकडा देणाऱ्याकडे, एक खजिन्यात. वाद झाला की दोन्ही जोडून बघायचे. लाकडाच्या रेषा आणि खाचा जुळल्या तर खरं. ही ‘टॅली’. मराठीत गणिताचा ताळा करतात तो कानाला तिचा सख्खा भाऊ वाटतो, पण टॅली आली लॅटिन ‘तालेया’वरून, म्हणजे कापलेली काडी, ताळ्याचं घर निराळं. कानाच्या साक्षीवर नाती जुळवायची नसतात. तसाच एक मेसेज मोबाइलवर फिरतो, चेक हा अरबी ‘सक्क’वरून आला म्हणून. सक्क होता, अरब व्यापाऱ्यांचं ते पैसे देण्याचं लेखी वचन होतं, आपल्या हुंडीसारखं. पण इंग्रजी शब्दाचा माग काढणारे कोश आपल्याला पटावरूनच नेतात.

टॅलीच्या काठ्या 1826 पर्यंत चालल्या. नंतर त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, तेव्हा 16 ऑक्टोबर 1834 रोजी दोन गाड्याभर काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला दिल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की रात्रीतून वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, म्हणजे त्यांची संसद, जवळजवळ सगळी जळून गेली. जुनी व्हाउचरं नष्ट करण्याबद्दल आम्हाला जे परिपत्रक येतं त्यात ही घटना घालायला हवी.

काठीचं काम पुढे कागदाने घेतलं. अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणायचे ते मुळात पैसे देण्याच्या कागदाच्या दुसऱ्या तुकड्याला, स्थळप्रतीला. मूळ कागदात कुणी खाडाखोड केली तर तिच्याशी ताडून बघता यावं, म्हणून ती चेक. मग ताडायच्या तुकड्याचं नाव कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या रुबाबाने शेवटी ‘क्यू’ लावला, अमेरिकेने साधंच ठेवलं. मराठीत ‘धनादेश’ आहे, छान आहे, पण तो सत्काराच्या बातमीत दिसतो, तेही हार-शालीसकट. खिडकीवर माणूस विचारतो, “चेक वटला का?” हे ‘वटणं’ मात्र अस्सल आपलं.

क्लिअरिंगच्या टेबलावर मी 16 वर्षं जे केलं ते हेच. कागदावरची सही आणि आमच्याकडची नमुना सही शेजारी शेजारी ठेवून बघायची. आता चेक स्वतः गावोगाव जात नाही, त्याची प्रतिमा जाते, पडद्यावर दोन सह्या शेजारी उमटतात. दोन चिरफळ्या जोडून बघण्याचंच काम. डोळा बसला की अर्धा सेकंदही लागत नाही. आणि किती चेक मी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवले असतील याचा हिशेब माझ्याकडे नाही.

गेल्या श्रावणात अण्णांचा चेक परत आला. माझ्या बँकेतला नव्हे, त्यांचं खातं दुसरीकडे आहे. सुताराला कपाटाचे पैसे दिले होते, 18,500. तो बिचारा संकोचत दारात उभा. “अण्णा, काहीतरी गडबड झाली असंल.” अण्णांनी स्लिप दोनदा वाचली. पैसे खात्यात होते, तारीख बरोबर होती, रक्कम अक्षरी-अंकी बरोबर, शेवटी ‘फक्त’ लिहून रेघही ओढलेली. सही जुळत नव्हती.

अण्णा शाळेत कारकून होते. त्यांच्या सहीवर पगारपत्रकं निघायची. आधी ते बँकेवर चिडले, मग सुतारावर, मग माझ्यावर, कारण मी त्या जातीची. रात्री जेवताना हळूच म्हणाले, “138 लागतं का गं याला?” चेक परत गेला की तुरुंगाची तरतूद असलेलं हे कलम 1989 पासून आहे आणि आमच्या पिढीपेक्षा त्यांच्या पिढीला त्याची दहशत जास्त. मला ठाऊक होतं की सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सही न जुळण्यालाही ते लागू शकतं असं म्हटलंय. हेही ठाऊक होतं की आधी नोटीस येते, नोटिशीनंतर 15 दिवसांत पैसे दिले की प्रश्न मिटतो, आणि सुताराला त्यांनी संध्याकाळीच रोख दिले होते. मी फक्त “नाही लागत” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या मुलाने त्यांचं जुनं कार्ड पडद्यावर काढलं. 1981ची सही. मी ती कधी पाहिली नव्हती. ‘र’ची शेपटी तिरकी खाली जाऊन परत वर वळलेली, खाली दोन ठिपके, सगळी एका दमात. शेजारी चेकवरची सही: तीच अक्षरं, पण प्रत्येक अक्षर वेगळं उचलून ठेवलेलं, रेघेला बारीक कंप. मी त्या टेबलावर असते तर मीही परतच पाठवला असता. अर्धा सेकंद.

नवीन नमुना सही द्यायची होती. अण्णा म्हणाले, उद्या देतो. आणि त्या रात्री सईची गणिताची चौकटीची वही घेऊन बसले. एका चौकटीत एक अक्षर न मावणारी सही, ओळीमागून ओळ. चार पानं भरली. सकाळी त्यांनी चौकड्याचा शर्ट घातला, शिंप्याने खिशाच्या चौकड्या अंगाच्या चौकड्यांशी बरोब्बर जुळवलेला, त्यांचा बाहेर जायचा शर्ट. बँकेत फॉर्मवर तीन ठिकाणी सही केली. तिन्ही एकमेकींशी जुळत होत्या. 1981च्या सहीशी एकही नाही. मुलाने स्कॅन केली आणि म्हणाला, “झालं, काका.”

तर रविवारचा डाव. सईने शहातून राजा काढला, वर अण्णांचा हत्ती मारला आणि जोरात म्हणाली, “चेक!” अण्णांनी “शह म्हण” असं म्हणायचं टाळलं, त्यांचं लक्ष डावीकडच्या कोपऱ्यात होतं. राजा एक घर बाजूला घेतला. तिने घाईघाईत वजीर पुढे आणला. मग अण्णांनी थरथरत्या बोटांनी एक प्यादं उचललं, एक घर पुढे ठेवलं आणि हात मांडीवर घेतला.

“प्यादेमात,” ते म्हणाले. “साध्या मातीपेक्षा हिचा मान मोठा. पूर्वी प्याद्याने मात केली की हरलेला उठून नमस्कार करायचा.”

सईने पट तीनदा बघितला. राजाला खरंच जागा नव्हती. पण हे दुसरं कलम तिला सोसणारं नव्हतं.

“असं काही नसतं,” ती म्हणाली. “आत्या, मोबाइलमध्ये चेक कर.”